बाबांच्या होल्टरबद्दल, आधी पूर्ण वाचा

आई-बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी मधेच फोन आईकडे दिला असता म्हणून लिहूनच पाठवतेय. बुधवारी सकाळी १० ची होल्टरची, म्हणजे दिवसभर-रात्रभर हृदयाचे ठोके नोंदवणाऱ्या छोट्या मशीनची, अपॉइंटमेंट घेतलीय, पैसेही भरलेत. न विचारता घेतली, मान्य, पण कपालेश्वराच्या पायऱ्यांवर बाबांना गरगरलं ते मला आठ दिवसांनी कळलं, मग मी अजून वाट कशाची बघू?

बाबा, ईसीजी नॉर्मल आला हे खरंय. पण तो कागद म्हणजे जेमतेम दहा सेकंद, तेवढ्यात ठोके नीट पडले इतकंच तो सांगतो. पुरात मला खांद्यावर बसवून गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीपाशी न्यायचात, आठवतं? संध्याकाळी पाणी मारुतीच्या गुडघ्याला, आणि सकाळी कळायचं की रात्रीत छातीला लागून उतरलंसुद्धा. एकदा बघून पाणी कळत नाही हे तुमचंच वाक्य. होल्टर रात्रभर बघत बसतं, २४ तासांतले लाखभर ठोके. गरगरलं त्या मिनिटाला ठोका मंद झाला होता, पळत होता की वेडावाकडा पडत होता, हे त्यातच सापडू शकतं. नाही सापडलं तर डॉक्टर जास्त दिवसांचं लावतील.

सुई नाही, शॉक नाही. छातीवर चिकटपट्ट्या लावतात, हृदयाची स्वतःची वीज असते तीच ते टिपतं. अमेरिकेतल्या होल्टर नावाच्या शास्त्रज्ञाचं पहिलं मशीन ३८ किलोचं होतं, पाठीवर घेऊन फिरायचे. तुमचं शर्टाखाली दिसणारही नाही. तो निळा सैल, बटणांचा शर्ट घाला.

अंघोळ बुधवारी सकाळीच, मग मशीन काढेपर्यंत नाही. गुरुवारची पूजा आई करेल, देव समजून घेईल. छातीला तेल, पावडर नको. गोळ्या नेहमीच्याच. आणि मशीन लावलंय म्हणून पडून राहू नका हं, जिना, चहा, फिरणं रोजच्यासारखं, आईला सोबत घेऊन, नाहीतर मशीनला दिसणार काय? गरगरलं की बटण दाबायचं, आणि आई, तू घड्याळ बघून वेळ लिही, काय करत होते तेही.

तुम्ही थकलात असं मी म्हणत नाहीये बाबा. पण तुमच्या खांद्यावरून पाणी बघताना मला कधीच भीती वाटली नाही, आता वाटते.

बुधवारी रात्री पोचते, मशीन काढायला मीच येणार. तोवर स्कूटरची किल्ली आईकडे.

तुमची,
ताई