थंडीत तलावात मीठ ओतण्यापूर्वी पाण्याचे तापमान पाहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूर व पन्हाळा परिसरातील काही हॉटेलांच्या आणि फार्म हाऊसच्या पोहण्याच्या तलावांवर अलीकडे मिठापासून जागेवरच क्लोरीन तयार करणारी यंत्रे दिसू लागली आहेत. यंत्रे चांगली आहेत. परंतु थंडीत ती ज्या रीतीने हाताळली जातात, त्याकडे तलाव चालवणाऱ्यांचे आणि मुलांना तेथे पोहायला पाठवणाऱ्या पालकांचे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते.

या यंत्राच्या सेलमध्ये, म्हणजे क्लोरीन तयार होणाऱ्या भागात, लेप दिलेल्या टायटॅनियमच्या पट्ट्या असतात. लिटरमागे साधारण ३ ते ४ ग्रॅम मीठ असलेले पाणी त्यांच्यामधून वाहताना विजेमुळे क्लोरीन तयार होतो. पाणी गार झाले की त्याची वीज वाहून नेण्याची क्षमता दर अंशामागे सुमारे २ टक्क्यांनी घटते. म्हणजे २८ अंशांचे पाणी १८ अंशांवर आले, तर मिठाचा कणही कमी न होता ही क्षमता जवळजवळ पाचव्या हिश्श्याने उतरते. अनेक यंत्रे मीठ थेट मोजत नाहीत, पाण्याचे तापमान जमेस धरून विद्युतवहनावरून त्याचा अंदाज बांधतात. त्यामुळे तापमानाचा सेन्सर बिघडला असेल किंवा पट्ट्यांवर क्षार साचले असतील, तर मीठ पुरेसे असूनही ‘मीठ कमी’चा दिवा लागतो.

गेल्या डिसेंबरात पन्हाळ्याजवळच्या एका तलावावर हा दिवा लागताच कामगाराने पाणी न तपासता ५० किलोच्या दोन गोण्या उथळ बाजूला रिकाम्या केल्याचे मी पाहिले. १ लाख लिटरच्या तलावात अशी एक गोणी लिटरमागे अर्धा ग्रॅम मीठ वाढवते, ३.२ ग्रॅमचे प्रमाण दोन गोण्यांनी ४.२ वर जाते. पुढे मार्चमध्ये पाणी तापले की तेच यंत्र ‘मीठ जास्त’ म्हणून बंद पडू शकते. मीठ उन्हाने उडून जात नाही, फिल्टरमध्येही अडकत नाही. ते कमी करायचे तर तलावातले पाणी सोडून देऊन गोडे पाणी भरावे लागते, आणि तेही ऐन उन्हाळ्यात, जेव्हा गावोगाव पाण्याची ओढ असते.

पाणी बरेच गार झाले, साधारण १० ते १५ अंशांच्या खाली गेले, की कित्येक यंत्रे क्लोरीन बनवणे आपोआप थांबवतात. पट्ट्यांवरचा महागडा लेप वाचावा म्हणून ही सोय असते; ती निकामी करून यंत्र रेटणे म्हणजे सेलचे आयुष्य घटवणे होय. थंडीत शेवाळ सावकाश वाढते आणि ऊनही सौम्य असते, त्यामुळे क्लोरीनची गरज एरवीपेक्षा कमी असते, हे खरे. मात्र मुलांची मोठी बॅच पाण्यात उतरली की ती गरज वाढतेच, आणि गार पाण्यात क्लोरीनचे जंतुनाशक कामही मंदावते. म्हणून यंत्रावरचा दिवा पाहून निश्चिंत होऊ नये. टेस्ट किटने मुक्त क्लोरीन (जंतू मारण्यासाठी पाण्यात शिल्लक असलेला क्लोरीन) लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच ७.२ ते ७.६ आहे ना, हे रोज पाहावे. क्लोरीन कमी भरल्यास संध्याकाळी तलाव रिकामा झाल्यावर मोजून हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) घालावे आणि मीठ स्वतंत्रपणे तपासल्याखेरीज गोणी फोडू नये.

तलावचालकांनी पाण्याचे तापमान, मुक्त क्लोरीन आणि पीएच यांची त्या दिवशीची नोंद तिकीट खिडकीजवळच्या फळ्यावर लिहावी आणि पालकांनी ती वाचूनच मुलांना पाण्यात सोडावे, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, कोल्हापूर