दोन तासं बिनफवाऱ्याची

प्रिय सुध्या,

पत्र पाहून हसू नको. फोनवर बोलायला घेतलं की एका बाजूला वर्षा असते, दुसऱ्या बाजूला माय, आणि हे त्या दोघींसमोर बोलण्यासारखं नाही. तब्येती बऱ्या आहेत. मायचा गुडघा आहे तसाच.

सोनूनं मागितलं, सुध्या! संध्याकाळी माय मुरमुऱ्याचा डबा घेऊन बसली होती. एरवी तो आपला हात धरून डब्यावर नेऊन ठेवतो, तोंडाकडे बघत नाही. या वेळी त्यानं डब्याकडे बोट केलं, मायच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "दे." बोट आणि नजर, दोन्ही एकदम. अंगणवाडीत तपासणीची गाडी आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नेमकं हेच विचारलं होतं, तू होतास. बेरा, म्हणजे कानाची तपासणी, करायला यवतमाळला गाडीही तूच काढली. कान ठणठणीत निघाले म्हणून आपण पेढे वाटले होते. काय येडे होतो! दुखणं कानाचं नव्हतंच, ऑटिझम (स्वमग्नता) निघाला.

आता घरात श्रेयावरून जुंपली आहे. माय म्हणते, "दूध बंद केलं म्हून झालं रे बाप्पा, बाकी काही नोय." वर्षा म्हणते स्पीचच्या, म्हणजे बोलणं शिकवणाऱ्या, मॅडममुळे. सासूबाई शेगावचा नवस फेडायला निघाल्यात. मोठे काका ब्राह्मी घृताची बाटली दाखवत फिरतात. आणि नागपूरच्या त्या सेंटरवाल्यानं पोराचा व्हिडिओ मागवला, 'आमच्या इंटिग्रेटेड पॅकेजचा रिझल्ट' म्हणे. सोबत दुसऱ्या टप्प्याचे पैसे भरायची लिंक. पॅकेजात सगळंच आहे: दूध-गहू बंद, तेलाची मालिश, गोळ्या, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं शिकवणारा उपचार), संगीत. सगळं एकाच वेळी सुरू.

आठवतं, कृषी केंद्रवाला एकाच पंपात अळीचं औषध, बुरशीचं औषध आणि टॉनिक ओतायला सांगायचा? आणि तू हट्ट धरला होतास, "कपाशीची दोन तासं, दोन ओळी, बिनफवाऱ्याची ठेव, नाहीतर कशानं काय झालं ते कसं कळणार?" मी म्हटलं, पऱ्हाटी तुझ्या बापाची नाही म्हणून सुचतं तुला. दिवाळीपर्यंत बोलला नाहीस. अजूनही म्हणतो, तुझ्या भावाचं वावर शेजारीच होतं, तासं माझीच का निवडली?

पण लेका, पोराचं बिनफवाऱ्याचं तास आणू कुठून? चार वर्षांचा होतोय. काहीच केलं नसतं तरी थोडा वाढलाच असता.

रात्री वाचत बसतो. अमेरिकेत ऑटिझमवर सिक्रेटिन नावाच्या इंजेक्शनचा फार गवगवा झाला होता. 1999 साली त्याची चाचणी छापून आली. अर्ध्या पोरांना औषध, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. दोन्हीकडची पोरं सारखीच सुधारलेली दिसली! आणि मजा पुढेच आहे. हा निकाल कळल्यावरही 69 टक्के आईबापांना ते इंजेक्शन हवंच होतं. मला हसू आलं नाही. मीही त्यातलाच निघालो असतो.

मालिशीला माझी ना नाही, पोरगा शांत झोपतो. ढोलकी तर फुकट आहे. संगीतोपचाराची नऊ देशांत 364 मुलांवर चाचणी झाली, 2017 साली छापून आली. लक्षणांत फरक दिसला नाही. न दिसू दे, त्याला ढोलकी आवडते एवढं पुरे. पण सेंटरवाल्यानं केसांची तपासणी सांगितली, अंगात जड धातू आहेत म्हणाला, आणि ते काढायचं सलाईन सुचवलं. तिथं मी उठलो. 2005 मध्ये अमेरिकेत अशाच सलाईननं पाच वर्षांचं पोर गेलं. धातू ओढणारं औषध रक्तातलं कॅल्शियमच घेऊन गेलं.

खरा घोळ दुधाचा आहे. गव्हाचं आपल्याला काय, घरात ज्वारीची भाकर असतेच. पण सोनू खायचा एकच गोष्ट, दूध-भाकरीचा काला, तोही त्याच पितळी वाटीत. ते बंद झाल्यापासून बरगड्या मोजता येतात. त्या पथ्याला भक्कम पुरावाही नाही. दूध परत सुरू करायचं माझं ठरलंय, डॉक्टरही हो म्हणाले. पण समज दूध दिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यानं 'दे' म्हणणं सोडलं? सर्दीनं सोडलं, झोप झाली नाही म्हणून सोडलं, तरी मायच्या लेखी पोराचं तोंड बापानं बंद केलं. याच भीतीनं झोप येत नाही.

माझा भरवसा मोबाइलवर आहे, हसू नको म्हटलं ना. स्पीचच्या मॅडम वर्षाचा नि सोनूचा खेळतानाचा व्हिडिओ काढायला लावतात आणि तिच्यासोबत बसून तोच बघतात. पहिल्या व्हिडिओत वर्षा लागोपाठ विचारते, "हे काय? हा कोणता रंग? सांग ना!" मधेच सोनू तिच्याकडे बघतो, तेव्हा ती पुढचं खेळणं शोधत असते. स्वतःच पाहिलं आणि रडली. आता ती थांबते. याच पद्धतीची गोव्यात आणि रावळपिंडीत 65 मुलांवर चाचणी झाली, 2016 साली छापली. शिकवणारे मोठे तज्ज्ञही नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं. मुलांचं आपणहून आईकडे वळणं वाढलं. म्हणून नागपूरचा दुसरा टप्पा भरत नाही. तो पैसा यवतमाळच्या फेऱ्यांना.

तुझ्या बदलीचं काय झालं? पिंकीच्या नीटचं कळलं, पोरीनं नाव काढलं, पेढे उधार आहेत. वहिनींच्या ऑपरेशनचं विचारायचं राहूनच गेलं, कळव.

आणि पोळ्याच्या आधी ये. मायला दुधाचं तू सांग, माझ्यापेक्षा तुझं ऐकते. येताना तो वजनकाटाही आण, अंगणवाडीतला बिघडलाय आणि मला आकडा लिहून ठेवूनच वाटी भरायची आहे.

तुझाच,
गजा