जीपीयूची वाटणी करून देणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही 'बरां, बरां' म्हणत विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र.

आमचा संसार तुम्हाला ठाऊक आहेच. रत्नागिरीत दोन खोल्या, चार मशीन, त्यातल्या दोघांत एकेक टी-४ जीपीयू कार्ड (मॉडेलची आकडेमोड भरभर करणारी चिप) आणि वर कामं मशीनांत वाटून देणारं कुबरनेटिस १.२०, तेही डॉकरवर, म्हणजे प्रोग्रॅम कंटेनरमध्ये बंद करून चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. मिरकरवाड्याच्या जेटीवरच्या फोटोंतून बांगडा कुठला नि तारली कुठली हे मॉडेलला शिकवायचं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेवढ्यात ट्रेनिंग उरकायचं. पण कुबरनेटिस जीपीयू पूर्ण आकड्यातच देतं, अर्धा-पाव मागायची सोय नाही. एकाने कार्ड धरलं की बाकीच्यांचे पॉड, म्हणजे त्यांची कामं, पेंडिंग, आणि आमच्यात रोजची भांडणं.

मी सगळं क्लस्टरच, म्हणजे चारही मशीनवरचं कुबरनेटिस, अपग्रेड करायला निघालो होतो. तुम्ही म्हणालात, "वायच थांब." १.२४ मध्ये डॉकरशिम, म्हणजे कुबरनेटिसला डॉकरशी जोडणारा दुवाच, गेला; म्हणजे अपग्रेडसोबत डॉकरच्या जागी कंटेनरडीही गळ्यात. त्यापेक्षा कार्डवाल्या एनव्हिडियाचं नवं डिव्हाइस प्लगइन, म्हणजे कुबरनेटिसला जीपीयू दाखवणारं सॉफ्टवेअर, जुन्या कुबरनेटिसवरच घातलं. त्याच्या टाइम-स्लायसिंगमध्ये (एकच कार्ड पाळीपाळीने वाटायची सोय) चार आकडा लिहिला नि मशीनवर एकाच्या जागी चार जीपीयू! मी चहा सांगितला. चहा यायच्या आत तिघांचे जॉब 'आउट ऑफ मेमरी' म्हणून आडवे.

तेव्हा तुम्ही गणपतीतली तुतारी एक्सप्रेस काढलीत. जनरल डब्यात सीट पाळीपाळीने मिळेल, पण बोचकी सगळ्यांची एकाच वेळी आत. टाइम-स्लायसिंग वेळ वाटतं, १६ जीबी मेमरी वाटत नाही. आणि टी-४ ला एनव्हिडियाची 'मिग' ही सोय नाही, म्हणजे पक्के गाळे पाडणंही नाही. मग मशीनना लेबल लावून एक कार्ड अख्खं ट्रेनिंगला ठेवलं, दुसरं चौघांत तपासणीच्या कामांना, आणि त्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये मेमरीला मर्यादा.

ती पावसातली रात्र मात्र विसरणार नाही. दुसऱ्या मशीनवर जीपीयू शून्य, लाइट गेलेली, यूपीएस कोकलतोय, आणि तुम्ही मला डॉकरची कॉन्फिग फाइल ओळीओळीने मोठ्याने वाचायला लावलीत. डीफॉल्ट रनटाइमची ओळच नव्हती, म्हणजे कंटेनर एनव्हिडियाच्या रनटाइमने चालव हे डॉकरला सांगितलंच नव्हतं. मीच विसरलो होतो. तुम्ही हसलाही नाहीत.

पैशांचं नाव काढू दिलं नाहीत. नारळी पौर्णिमेनंतर सुरमई पोचवतो, तिला नाही म्हणू नका. कंटेनरडीचं गणपती झाल्यावर, फोन येईलच.

तुमचा,
डॉकरवाला