शेडची कोटेशनं पुन्हा मागवण्याआधी

नागपूर,
12 एप्रिल

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तू संत्र्याच्या शेडसाठी आलेली तिन्ही कोटेशनं वाचून दाखवलीस आणि "सगळ्यात कमी भाव आहे त्याला काम देऊन टाकतो" म्हणालास, तेव्हापासून मला चैन नाही. हात जोडून सांगतो, अ‍ॅडव्हान्स देऊ नकोस. आंबिया बहाराची तोडणी दिवाळीच्या आसपास सुरू होईल, म्हणजे आठ-दहा दिवस थांबलास तर काही बिघडत नाही.

तीन वर्षांपूर्वी हिंगण्याच्या आमच्या गोदामाचं काम मी असंच दिलं होतं. लोखंडी सांगाड्याचा एकाचा भाव किलोला 88 रुपये, दुसऱ्याचा 102. मी 88 वाल्याला हो म्हटलं. डिझाइनही त्याचंच होतं. काम उभं राहिलं तेव्हा वजन भरलं 24 टन. वर इरेक्शनचे, म्हणजे सांगाडा जागेवर उभा करण्याचे, किलोमागे 9 रुपये वेगळे. बिल झालं 23 लाख 28 हजार, जीएसटी सोडून. 102 वाल्याचा कागद मग पुन्हा काढून नीट वाचला. त्याचं वजन साडेवीस टन होतं आणि रंग, गाडीभाडं, इरेक्शन सगळं त्या भावातच होतं. एकूण 20 लाख 91 हजार. तो कागद तीन महिने माझ्याच कपाटात पडून होता. पहिल्या माणसाने लबाडी केली असं मी म्हणणार नाही. पण ज्याला किलोवर पैसे मिळणार, तो वजन कशाला कमी करील? मी ड्रॉइंग दिलंच नव्हतं.

म्हणून आधी एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनियरकडून ड्रॉइंग करून घे. त्याची फी तुला जड वाटेल, तरी दे. नागपूरसाठी आयएस 875 मध्ये, म्हणजे इमारतीवरच्या भारांच्या भारतीय मानकात, वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरलेला आहे. वैशाखातली वादळं आपण दोघांनी पाहिली आहेत. त्या हिशेबाने कॉलम, राफ्टर (छताच्या तिरक्या तुळया), पर्लिन (पत्रा बसतो त्या आडव्या पट्ट्या) किती जाडीचे लागतील ते त्याला ठरवू दे, आणि प्रत्येक मापाचं वजन लिहिलेली यादी माग. मग तेच ड्रॉइंग, तीच यादी, एकाच मजकुराच्या पत्रासोबत तिघांनाही एकाच दिवशी पाठव. लोखंडाचा भाव आठवड्यात हलतो, त्यामुळे महिन्याभराच्या अंतराने आलेले दोन भाव शेजारी ठेवून काही कळत नाही.

पत्रात वजनाचं आधी लिही. बिल ड्रॉइंगच्या वजनावर की धरमकाट्यावर? 10 मिलीमीटर जाडीची प्लेट चौरस मीटरला साडेअठ्ठ्याहत्तर किलो भरते, 8 ची जवळजवळ त्रेसष्ट. ड्रॉइंगवर 10 आणि जागेवर 8 असं झालं आणि बिल ड्रॉइंगवर निघालं, तर फरक तुझ्या खिशातून जातो. व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायची पट्टी, घेऊन प्लेट मोजायची सवय मला तेव्हापासून लागली. गसेट प्लेटचं, म्हणजे सांध्यावर जोडायच्या प्लेटचंही असंच. तिकोनी कापलेल्या प्लेटचं वजन काही जण पूर्ण चौकोनाचं धरतात, काही जण कापलेल्या आकाराचं. कुठलंही धर म्हणावं, पण तिघांनी एकच धरावं.

दुसरं, माल. आयएस 2062 या बांधकामाच्या पोलादाच्या मानकातला ई 250 ग्रेड लिही, आणि प्रत्येक लॉटचं टेस्ट सर्टिफिकेट माग. त्यावरचा हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या त्या ओतीचा क्रमांक, मालावर जुळतो का ते गाडी उतरतानाच बघ. प्रायमरी माल (मोठ्या पोलाद कारखान्यांचा) आणि छोट्या रोलिंग मिलचा माल यांच्या भावात फरक असतोच. एकाने एक धरला आणि दुसऱ्याने दुसरा, तर स्वस्त कोण ते ठरवणार कसं?

आणि रंग. हे मला मनापासून सांगायचंय. आमच्या कोटेशनमध्ये फक्त "रेड ऑक्साइड" एवढाच शब्द होता. पहिला पावसाळा संपला आणि कोपऱ्यातल्या कॉलमच्या पायाशी रंगाला फोड दिसला. नखाने टोकरलं तर तळहाताएवढा पापुद्रा हातात आला, आणि त्याच्या आतल्या बाजूला निळसर काळी खपली चिकटलेली. ती मिल स्केल. गरम लोखंड लाटताना ती वर येते. ती न काढता वरून रंग मारला की ती सुटताना रंगालाही घेऊन सुटते. मग सगळे कॉलम घासून पुन्हा रंगवले. तेव्हा पत्रात लिही, ब्लास्टिंग (खडे मारून लोखंड घासणं) एसए अडीच या दर्जाचं, त्यावर प्रायमरचे किती हात, आणि सुकल्यावर थर किती मायक्रॉन.

पत्र्याची जाडी कोटिंगसकट की कोटिंगशिवाय, फाउंडेशन बोल्ट कोणाचे, क्रेन कोणाची, जागेवर वीज कोण देणार, हेही घाल. माल, फॅब्रिकेशन, रंग, वाहतूक, इरेक्शन यांचे भाव वेगवेगळे माग, म्हणजे एखादी गोष्ट सुटली असेल तर लगेच दिसेल. जीएसटीचे 18 टक्के तुला परत मिळणार नाहीत. तेव्हा शेड उभी राहून चावी हातात पडेपर्यंतचा, करासकटचा आकडाच समोर ठेव.

तू म्हणशील, एका शेडसाठी एवढी उठाठेव काऊन? अरे, दोन बहारांची कमाई तू त्यात घालतोयस. ती कुठे जाते हे मला दिसत असताना मी गप्प कसा बसू?

रविवारी सकाळी काटोलला येतो. माझ्या पत्राचा नमुना आणि व्हर्नियर सोबत आणतो. तोवर शेडच्या जागेवर दोन कोपऱ्यांत खड्डे खणून ठेव. तुझी काळी माती आहे, खाली मुरूम किती खोल लागतो ते इंजिनियर पहिल्यांदा विचारेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र