बिट्टीची फळे आणि मुलांची सुट्टी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत मुले तासगावला आली की दिवसभर परसात आणि मळ्याच्या बांधावरच असतील, म्हणून हे मुद्दाम सविस्तर लिहीत आहे. बाबा, फाटकाजवळच्या पिवळ्या बिट्टीची फुले तुम्ही रोज देवाला वाहता. ते झाड तोडा असे मी म्हणणार नाही, पण खाली पडलेली हिरवी-काळी फळे रोज सकाळी वेचून, बांधून कचऱ्यात टाका. त्यातल्या ज्या त्रिकोणी बियांनी आम्ही लहानपणी खेळत असू, त्यांच्या गरातच हृदयाचे ठोके बिघडवणारे विष असते. ते पोटात गेल्यावर मळमळते, उलट्या होतात, नाडी मंद किंवा अनियमित होते. पण मूल हसतेखेळते दिसत असले तरी ठोके कित्येक तासांनीही बिघडू शकतात, म्हणून 'आता बरे वाटते आहे' एवढ्यावर घरी थांबू नका. रुग्णालयात ठेवून ईसीजीवर लक्ष ठेवावे लागते आणि नाडी फार मंदावली तर डॉक्टर ॲट्रोपिन देतात. लाल कण्हेरीचेही तसेच आहे.

आई, तुझा मिठाच्या पाण्यावर विश्वास आहे, पण उलटी काढण्यासाठी ते कधीही पाजू नकोस आणि घशात बोटेही घालू नकोस. जास्त झालेले मीठच लहान मुलाच्या जिवावर बेतते आणि गुंगीतल्या मुलाची उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. तोंडातले तुकडे काढ, चूळ भरायला लाव, 108 ला फोन करा आणि जे खाल्ले त्याची फांदी-फळे पिशवीत घालून सोबत न्या. डॉक्टरांचा बराच वेळ त्याने वाचतो.

बांधावरच्या चंद्रज्योतीच्या बिया चवीला बऱ्या लागतात, त्यामुळे मुले त्या एकमेकांना वाटून खातात आणि मग उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी जाऊन सलाईन लावावे लागते. धोतऱ्याने तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, अंग तापते आणि मूल असंबद्ध बडबडते. कोणी त्याला बाहेरची बाधा म्हणाले तर कृपा करून ऐकू नका. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा न चोळता वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा आणि दुखत नसला तरी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवाच.

108 ची गाडी यायला उशीर होत असेल, तर शेजारच्यांची गाडी घेऊन थेट सांगलीचे सिव्हिल गाठा. मला फोन वाटेतून केलात तरी चालेल.

तुमची लेक