आंबोली घाटातलं धुकं आणि बारमाही फलक : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या गुरुवारी पहाटे बेळगावहून भाजी घेऊन सावंतवाडीला उतरत होतो. धबधब्याच्या वरच्या वळणावर धुकं आलं. हेडलाइट लावला की समोर पांढरी भिंत, बंद केला की काळोख. गाडी पंचवीसच्या पुढे नव्हती, तरी बंद पडलेला ट्रक दिसला तो थेट काचेसमोरच. शेजारी बसलेल्या माझ्या पुतण्याचा पाय गुडघ्याखाली मोडला. १९ वर्षांचं पोर. ॲम्ब्युलन्सलाही त्याच धुक्यातून यायचं होतं. दीड तास एका हाताने त्याचा पाय धरून, दुसऱ्या हाताने मोबाइलचा टॉर्च हलवत मी मागच्या गाड्यांना ओरडत होतो. घसा अजून बसलेला आहे. आणि कागदावर काय लिहिलं? चालकाचं नियंत्रण सुटलं!

गेल्या वर्षी आम्ही निवेदन दिलं, तेव्हा पावसाळ्याआधी धुक्याचा इशारा देणारी यंत्रणा बसवू असा शब्द मिळाला होता. बसला फक्त फलक: ‘धुके आहे, वाहने सावकाश चालवा’. एप्रिलच्या उन्हातही तो हेच सांगतो, म्हणून जुलैत कुणी वाचत नाही.

विमानतळावरचं महागडं यंत्र आम्हाला नको. अवरक्त किरण सोडायचा, धुक्याच्या थेंबांवरून विखुरलेला उजेड टिपायचा आणि शंभर मीटरच्या पुढचं दिसेनासं झालं की वळणाच्या अलीकडे पिवळा दिवा लुकलुकायचा. बस्स. मोबाइलवर मेसेज नको, घाटात रेंज जाते. नुसतं सौर पॅनेलही नको, पावसाळ्यात इथे ऊनच नसतं. लाइन द्या, जोडीला बॅटरी द्या. आणि काच पुसायला माणूस ठेवा, नाहीतर शेवाळ धरेल.

बेंगळुरूच्या एनएएल या सरकारी विमान-संशोधन प्रयोगशाळेने विमानतळांसाठी किती लांबचं दिसतं ते मोजणारं ‘दृष्टी’ हे यंत्र देशातच बनवलं. पुण्याची आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था २०१५ पासून दिल्लीच्या विमानतळावर धुक्याचा अभ्यास करते आहे. मग घाटापर्यंत काहीच का पोचत नाही? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ मध्ये चलान फाडणारे कॅमेरे लागले. वेग मोजला की दंड मिळतो, धुकं मोजून तिजोरीत काही येत नाही. रस्ता असो, दवाखाना असो, सरकार कुणाचंही असो, हिशेब हाच! धुक्यात तुमचं हेलिकॉप्टर थांबतं. आमची भाजी थांबत नाही, सात वाजता बाजारात लागते.

पुतण्याच्या पायात सळई घातली आहे. सोळा तारखेला त्याला दाखवायला बेळगावला न्यायचंय, याच घाटाने. तोवर त्या एका वळणावर तरी दिवा लावा.

आपला,
आंबोली घाटातला एक टेम्पोचालक