अठरा आयतींचा अध्याय

संपादक महोदय,
कुराणाचा विषय निघाला की चर्चा नमाज-रोज्यांपाशीच थांबते. रोजच्या वागण्यासाठी मात्र आम्हा मुसलमानांनी ४९वी सूरह (अध्याय), अल-हुजुरात, पुन्हा पुन्हा वाचावी, असे मला वाटते. अवघ्या १८ आयती, म्हणजे वचने! सहावीत सांगितले आहे, बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी खातरजमा करा. (आलेला प्रत्येक मेसेज पुढे ढकलणाऱ्या आमच्या मंडळींनी हे ऐकावे.) अकरावीत टिंगल आणि वाईट टोपणनावांना मनाई. बारावी तर अंगावर येते: पाठीमागे निंदा करणे म्हणजे मेलेल्या भावाचे मांस खाणे. रोज्यात पाण्याचा थेंबही न घेणारे आम्ही, नणंदा-जावांबद्दल काय काय बोलतो! शुक्रवारच्या खुतब्यात (मशिदीतील प्रवचनात) या आयती अधिक वेळा याव्यात, एवढीच विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका